साठ खुर्च्यांचा नमुना

"पहिली फळी वाया जाणार, ती जाऊ दे," उमाजी म्हणाले. "देवदाराचीच लाव. सागाला हात लावायची घाई करू नको."

बळवंतने यंत्राच्या टेबलावर देवदाराच्या चार फळ्या शिकंज्यात आवळल्या आणि पाचव्या जागी वेलीचा कोरलेला नमुना बसवला. यंत्राची तऱ्हा साधी होती. एक बोथट सुई नमुन्यावरून फिरवायची; ती जितकी खाली उतरेल तितकीच चार पाती चार फळ्यांत उतरत. सुई आणि पाती एका जाडीची हवीत, आणि सुरुवातीची खूण पाचही ठिकाणी एकच हवी. ती केसभर जरी सरकली, तरी चारही फळ्या थेट चुलीत.

लष्कर शहरातल्या सरकारी कारखान्यात हे यंत्र येऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी तिथे अकरा कोरणारे होते. आता एकटे उमाजी उरले होते, तेही नमुन्यापुरते. येत्या एक नोव्हेंबरला मध्यभारत संपून नवं राज्य होणार होतं. कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या, पाठोपाठ हा कारखानाही. तिकडे इथला एकच माणूस घेणार होते. बाकीच्यांनी घरी बसायचं. तो एक कोण, हे नव्या कचेरीच्या साठ खुर्च्यांच्या पाठी कोरून झाल्या की ठरणार होतं.

वडील गेल्यावर याच उमाजींनी बळवंतला हाताशी धरलं होतं, पटाशी कशी धरायची ते शिकवलं होतं. त्याच माणसाचं काम त्यानं यंत्रावर बसून खाल्लं होतं. दुसरं कुणी असं म्हणत नव्हतं, पण त्याचं त्यालाच ते खात होतं.

उमाजी उपरण्याखाली उजवा हात घेऊन, डाव्या हातातल्या काठीनं सूचना देत. गेल्या पावसाळ्यात महिनाभर तापानं अंथरुणाला खिळल्यापासून ते कारखान्यात पटाशी धरत नसत. "या घरघरीत काम सुचत नाही," म्हणत, आणि नमुना घरूनच कोरून आणत.

नमुना मात्र असा उतरला होता की बघत राहावं. बळवंतने त्याच्यावरून बोट फिरवलं. पूर्वी उमाजी वस्ताद एका रेट्यात पानाची कड काढत. इथे ती बारीक बारीक घावांनी काढलेली होती. वयानं जोर गेला, पण नजाकत वाढली, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

देवदारावर वेल नीट उतरली. मग साग चढवला. पहिल्यांदा एक सूत खोल, दुसऱ्या फेरीत दोन सूत.

दुपारी उमाजींची मुलगी पद्मा डबा घेऊन आली. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"काय झालं गं?"

"विळीवर कापलं." ती फळीकडे बघत होती. "बळवंतदादा, शेवटच्या वळणावर पातं अडकत नाही ना? जागा फार अरुंद राहिलीय तिथे."

"अडकतं थोडं," बळवंत हसला. "वस्तादांची पोर शोभतेस खरी!"

उमाजींनी घाईघाईनं डबा मागितला.

तीन आठवड्यांत साठ पाठी झाल्या. कारखान्याचे प्रमुख दिनकरराव एकेका पाठीवरून हात फिरवत गेले आणि त्यांनी बळवंतला खोलीत बोलावलं.

"तुझं नाव लिहिलंय. यंत्र तिकडे जाणार, यंत्राबरोबर तू."

"आणि वस्ताद?"

"अरे, त्यांना शाल देऊन मानानं निरोप देऊ. त्यांचं वय झालं आता."

"साहेब, यंत्र कुणीही चालवेल. आठ दिवसांत शिकवता येतं. पण नमुना कोण देणार? हे यंत्र फक्त नक्कल करतं."

दिनकररावांनी पेन खाली ठेवलं. "तिकडचे इंजिनियर हेच विचारत होते. पहिल्याच दिवशी समोर बसवून नवा नमुना कोरून घेणार म्हणतात. पण उमाजी तर परवा येऊन मला उलटंच सांगून गेले. 'मला नको, बळवंताला धाडा.'"

"भिडेखातर म्हणाले असतील."

"असतील खरे. जुनी माणसं स्वतःसाठी थोडीच तोंड उघडतात! पण तू नीट विचार कर. कागद आत्ताच्या डाकेनं रवाना होईल. मग बदल नाही."

बळवंतला बायको, शरयू, आठवली. तिचा सातवा महिना चालू होता. त्यानं पेन घेतलं, कागदावरचं आपलं नाव खोडलं, वर उमाजींचं लिहिलं आणि शेजारी सही केली. कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळं वाटलं.

सराफा बाजारातल्या हलवायाकडून पेढे घेऊन तो टोपी बाजारामागच्या उमाजींच्या घरी गेला. पद्मा पाणी घेऊन आली, तेव्हाच त्यानं सांगून टाकलं.

"वस्ताद, भोपाळला तुम्ही चाललात. तुमचंच नाव गेलंय."

पद्मानं तांब्या खाली ठेवून वडिलांकडे पाहिलं.

"माझं?" उमाजी म्हणाले. "दिनकररावांना मी सांगितलं होतं..."

"तुम्ही भिडेनं सांगितलंत, मला कळत नाही का? पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर बसून असाच एक नमुना कोरून द्या. मग बघा, कसे मान डोलावतात!"

"कागद परत आणता येईल?"

"आता नाही. गेला तो. माझी फिकीर करू नका, वस्ताद. मी करीन काहीतरी."

उमाजींनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. बोटं आत वळलेली होती, ती उघडत नव्हती.

"गेल्या पावसाळ्यात मला ताप आला नव्हता, बळवंता," ते म्हणाले. "हा नमुना पद्मानं कोरलाय."