उदाहरणासह स्पष्ट करा

विनोदी नटांचं विनोदाचं ज्ञान तपासणाऱ्या टीव्हीवरच्या स्पर्धेत पावस गावचा हरिहर अंतिम फेरीत अडला. प्रश्न होता, "उपरोध म्हणजे काय? उदाहरण द्या." फोनवरून मदत घ्यायची सोय होती. त्याने घरी बायकोला फोन लावला.

"हेमा, मी बोलतोय."

"अगोबाई, तुम्ही होय! ऐन आंब्याच्या हंगामात बाग माझ्या गळ्यात मारून मुंबईला गेलात, तरी घरचा नंबर अजून पाठ आहे? कौतुक हो तुमचं!"

"अचूक उदाहरण!" निवेदक ओरडला. प्रेक्षक त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. "वहिनी, आता शेवटचा प्रश्नही तुम्हालाच. निखळ विनोदाचं उदाहरण?"

"सोप्पं आहे. निघताना हे म्हणाले होते, 'पोचलो की लगेच फोन करतो.'"