वऱ्हाड गेल्यावरचा खेळ

दाराची कडी आतून लागली आणि गोजरबाईने फेटा आणून सोजराबाईच्या मांडीवर टाकला.

"आज नाई वं," सोजराबाई म्हणाली. "अंग कसकस करते."

"तुह्यं अंग राहू दे. नवऱ्याचं अंग आण!"

बायका खिदळल्या. गोजरबाईच्या पोराचं वऱ्हाड सकाळीच गाड्या जुंपून सुलतानपूरला गेलं होतं. जानेफळातले बहुतेक बाप्ये त्याच्यासोबत गेले होते. मागे राहिलेल्या बायकांनी दार लावून 'नवरा' खेळायचा, ही जुनी चाल. एकीने पुरुष व्हायचं आणि बाकीच्यांनी आपल्याला हवा तसा नवरा तिच्याकडून करून घ्यायचा. सवाष्णीने फेटा बांधायचा तर आधी कुंकू पुसावं लागणार, म्हणून तो मान विधवेचा. एरवी लग्नघरात विधवेला कोण विचारतो? या दुपारी मात्र सोजराबाईला हाताला धरून आणत आणि पाटावर बसवत. वर्षभरात तिला माणसांत घेत ते एवढ्यासाठीच.

गोजरबाईला झिंगत येणारा, पदर ओढणारा चावट नवरा लागे. झुंबरबाईला बायकोचे पाय चेपणारा आणि वर शिव्या खाणारा. नव्या सुना तोंडाने काही मागत नसत, पण दिवा फुंकायची वेळ आली की पदराआड सगळ्यांत मोठ्याने त्याच हसत. एकीला ज्याने गुदगुल्या होत, त्याने दुसरीला शिसारी येई. त्यावरून खेळापेक्षा भांडणच जास्त रंगे.

"ज्याच्या घरी जे नाई, त्याले तेच गोड लागते," झुंबरबाई म्हणाली.

"मंग माह्या घरचा तं रोजच पिऊन येते," गोजरबाई म्हणाली. "मले काऊन तोच लागते?"

"सांग बरं, काऊन?"

"घरी त्याच्यावर हासता नाई येत वं. इथं येते."

झुंबरबाईचं शास्त्र तिथेच आडवं झालं.

अन्नपूर्णाबाईची आवड सगळ्यांत न्यारी. ती किसनरावांची बायको, मोठ्या घरची. तिला चावटपणा नको, दंगामस्ती नको. तिचा खेळातला नवरा शेतातून येई, तिच्या पायातला काटा काढी आणि बोलत बसे. थकली असशील म्हणे. आज केस छान बांधले म्हणे. तुझ्यावाचून घास उतरत नाही म्हणे. बस, एवढंच. बाकीच्या जांभया देत. पण सोजराबाई ते असं काही वठवी की अन्नपूर्णाबाईच्या डोळ्यांना धार लागे. सोजराबाईचा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पटकीने गेला होता. एवढ्याशा संसारात केवढा जीव लावणारा माणूस भेटला हिला, म्हणून बायका हळहळत.

अन्नपूर्णाबाईचं दुःख तर गावाला ठाऊकच होतं. किसनराव घरात मुके. मूलबाळ नाही, बोलणं नाही. दोघं एका छपराखाली एकेकटी म्हातारी झाली. तेही यंदा पोळ्याच्या सुमारास वारले. त्यानंतर अन्नपूर्णाबाई आज पहिल्यांदाच कोणाच्या घरी आली होती आणि मोकळ्या कपाळाने कोपऱ्यात बसली होती. तिला खेळाचं विचारायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी तीच बोलली.

"सोजरा, माहा नवरा कर."



"बाई, आज नका म्हणू," सोजराबाई म्हणाली. "मले नाई जमाचं."

"आजच पाह्यजे. घर खायाले उठते मले. एकडाव ते बोलणं ऐकू दे."

"कर नं वं," झुंबरबाई कुजबुजली. "बिचारी काय मोठं मागून राह्यली? तिले तं तो जित्ता असतानाही नाई भेटलं."

सोजराबाईने फेटा डोक्याला गुंडाळला. नेहमी झटक्यात बसणारा फेटा आज सारखा सुटत होता. ती अन्नपूर्णाबाईसमोर येऊन बसली आणि तिचा पाय तिने मांडीवर घेतला.

"थकली वं आज?" तिने जाड आवाज काढला. "केस..."

पुढचं आलंच नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे गदगदा हलत होते.

"हिले दुसऱ्याचं दुःख पाहावत नाई," गोजरबाई हळूच म्हणाली. "बसू द्या दोघींले." आणि सगळ्यांना घेऊन ती चहा ठेवायला मागच्या पडवीत गेली.

दोघीच उरल्या. पडवीतून कपबशा वाजल्या, कोणीतरी दबकं हसलं.  अन्नपूर्णाबाईने सोजराबाईच्या डोक्यावरचा फेटा अलगद सोडवला आणि स्वतःच्या डोक्याला बांधला. एक टोक कानामागे सोडलं, किसनराव सोडत तसं. सोजराबाई रडायचं थांबून तिच्याकडे पाहू लागली. अन्नपूर्णाबाईने तिचा भेगाळलेला पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"रड, सोजरा," ती किसनरावांच्या जड आवाजात म्हणाली, "इतके वर्सं तुह्या दारी आलो, अन् मी मेलो तं तुले मोठ्यानं रडताही नाई आलं."