मास्तरांची धार

“पहिलं घ्या,” गायिका म्हणाली. “दुसऱ्यात मी ‘स’ म्हटलं की कानात सुई घातल्यासारखं होतंय.”

गाणं एकच होतं आणि दोन्हीकडे आवाजही तिचाच होता. फक्त आवाजाचा आणि वाद्यांचा मेळ दोघांनी आपापल्या परीने बसवला होता. कुठलं कुणाचं ते गायिकेला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिलं होतं स्टुडिओच्या मालकिणीच्या जावयाचं. दुसरं चिमणीचं, स्टुडिओत आवाज बसवणाऱ्या मास्तरांच्या शिष्येचं.

जावईबापू गेल्या महिन्यापर्यंत फरशा विकत होते. त्यांनी गाणं लॅपटॉपवरच्या एका प्रोग्रॅममध्ये टाकलं, ‘सुधारा’ असं लिहिलेलं बटण दाबलं आणि चहा उकळेपर्यंत काम झालं. मास्तरांनी ते पाहून “पी हळद आणि हो गोरी” एवढंच म्हटलं होतं. चिमणीला त्याच गाण्यावर अकरा दिवस लागले. त्याआधीची सात वर्षं वेगळीच.

महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. आज ज्याचं काम पसंत पडेल त्याला मास्तरांची खुर्ची, असा मालकिणीचा शब्द होता. या खुर्चीसाठी चिमणीने पगाराची पक्की नोकरी सोडली होती. तिची आई नातेवाइकांना अजूनही सांगायची की आमची थोरली रेडिओ दुरुस्तीचं काहीतरी शिकतेय.

पहिली तीन वर्षं मास्तरांनी तिला एकाही बटणाला हात लावू दिला नाही. दाराजवळच्या उंच स्टुलावर बसायचं आणि ऐकायचं. त्या बसण्यावरूनच सगळे तिला चिमणी म्हणायला लागले. “आधी कान, मग हात,” मास्तर म्हणायचे. ती संगणकाच्या पडद्याकडे बघताना सापडली तर पडद्यावर टॉवेल टाकायचे. एकदा तिने भीत भीत म्हटलं होतं, “मास्तर, तुमच्या गाण्यात वरचा आवाज जरा टोचतो.” मास्तर हसले होते. “कोवळे आहेत कान तुझे. तयार झाले की नाही टोचायचा. याला धार म्हणतात, पोरी.”

मग तिने कान तयार केले. मास्तरांच्या शेजारी बसून, ते ठेवतील तेवढ्या मोठ्या आवाजात, रोज सात-आठ तास. सुरुवातीला घरी गेल्यावर डोकं ठणकायचं. तिसऱ्या वर्षी ते थांबलं. पाचव्या वर्षी धार नसलेलं गाणं तिला आळणी लागायला लागलं. सातव्या वर्षी तिच्या हाताला मास्तरांची धार हुबेहूब साधली, आणि त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांदेखत तिच्या पाठीवर थाप मारली होती. तेवढ्या थापेवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

“सुई म्हणे,” मास्तर आता गुरगुरले. “पहिलं अगदीच मिळमिळीत आहे. जीवच नाही त्यात.”

“मला तरी छान वाटलं,” गायिका म्हणाली.

“आणि कोपऱ्यातला तो यूपीएसचा डबा आधी कुणीतरी बघा,” जावई वैतागून म्हणाला. “सकाळपासून टीं टीं करून डोकं उठवलंय. तुम्हा दोघांना काहीच कसं वाटत नाही?”

“कामात असलो की आम्हाला दुसरं काही ऐकू येत नाही,” मास्तर म्हणाले. चिमणीला त्या ‘आम्हाला’चं फार बरं वाटलं.

मालकीण पदराशी चाळा करत होती. चिमणी सात वर्षं नजरेसमोर असलेली मुलगी होती, पण पोटची लेक जावयाच्या घरात होती. “मास्तर, ठरल्याप्रमाणे...”

“ठरल्याप्रमाणे काय? स्पीकर गेलेत तुमचे. ही पोरगी दोन वर्षं तेच सांगतेय.”

हे खरं होतं. दर सोमवारी स्पीकर तपासायचं काम चिमणीचं, आणि दर सोमवारी ती वहीत लिहायची: वरचे सूर वाजत नाहीत.

“तिच्याच सांगण्यावरून गेल्या महिन्यात नवे आणले ना,” मालकीण म्हणाली.

“मग नवेही तसलेच निघाले.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” जावई पुटपुटला.

चिमणी उठली. तिचे कान लाल झाले होते. “तुम्हीच ऐका सगळे,” ती म्हणाली. “मी तपासणीचा सूर लावते. सगळ्यात खालपासून सगळ्यात वरपर्यंत एकच सूर चढत जातो. जिथे तो बंद पडेल तिथे स्पीकर मेला समजा. मग माझं काम वाईट की तुमचे स्पीकर, ते तुम्हीच ठरवा.”

तिने बटण दाबलं. खोलीत भुंगा घुमल्यासारखा आवाज सुरू झाला आणि हळूहळू चढायला लागला. मास्तरांनी डोळे मिटले आणि एक बोट वर धरलं. चिमणीनेही डोळे मिटले, त्यांनी शिकवलं होतं तसेच. सूर बासरीएवढा झाला, मग शिट्टीएवढा, मग बारीक, आणखी बारीक. आणि संपला. खोली शांत झाली.

मास्तरांचं बोट खाली आलं. “इथे मेला,” ते म्हणाले.

“दर सोमवारी इथेच मरतो,” चिमणी म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच तिचा स्वर असा चढला होता. डोळे उघडून ती मालकिणीकडे वळली.

मालकिणीने दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबले होते. गायिका दार ढकलून बाहेर पळाली होती. आणि कानांत बोटं खुपसून जावई कळवळून सांगत होता, “अहो ताई, बंद करा ना तो आवाज.”