पहिली खिडकी

दुपारचे दोन वाजले होते. पर्वत पाटिया या यंत्रमागांच्या वस्तीतल्या त्या एका खोलीत लूमवरची रात्रपाळी करून आलेली माणसं झोपली होती. भिंतीकडेला हर्षदाचे वडील हिलाल, त्यांच्या शेजारी भाऊ ललित; शिवाय मधोमध काल गावाहून कामाच्या शोधात आलेला दगामामा, हातपाय पसरून. कोपऱ्यातल्या टेबलाशी हर्षदा कॉम्प्युटरच्या कळा हलक्या हातानं दाबत होती.

चारच्या आत चुकीची दुरुस्ती पोचली नाही, तर तिचा प्रोग्राम जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रोग्रामांच्या नव्या संग्रहातून काढून टाकला जाणार होता. तो मुळात परदेशातल्या कुणी तरी लिहिलेला. त्यानं सोडून दिला, तेव्हापासून हर्षदा तो सांभाळत होती. पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर चढू न देता फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसवायच्या, एवढंच त्याचं काम. रोज आंघोळ झाली की आधी देवापाशी दिवा, मग लोकांच्या तक्रारी, असा तिचा नेमच होऊन गेला होता.

या वेळची तक्रार एका माणसाची होती. त्याचा उजवा हात चालत नव्हता, सगळं काम तो कळांवरच करायचा. त्यानं लिहिलं होतं, ‘पाचवी खिडकी उघडली की पहिली दिसेनाशी होते. बंद होत नाही, असते तिथंच; पण तिला रुंदीच उरत नाही. माझं सगळं लिखाण तिच्यात आहे.’

दगामामानं एक डोळा उघडला. “भाची, तुन्ही हाई पेटी कधी झोपस का नही?”

“झोपेल मामा. तुम्ही झोपा.”

तीन वाजता चूक सापडली. नवी खिडकी आली की तिच्यासाठी लागणारी जागा दर वेळी पहिलीकडूनच काढून घेतली जात होती. ओळ मूळ लेखकाची नव्हती. गेल्या महिन्यात हर्षदानंच ती घातली होती, आणि तेव्हा ती इतकी सरळ वाटली होती की तपासायचंही तिला सुचलं नव्हतं.

तिनं ओळ खोडली. नवी आली की सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं, असं लिहिलं. पाच खिडक्या उघडून पाहिल्या. पाचही दिसत होत्या. दुरुस्ती फ्लॉपीवर उतरवून ती उठली. ती पाठवायला लागणारी फोनची लाइन होती तिच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, दहा मिनिटांच्या वाटेवर.

दाराबाहेर, गॅलरीत, तिची आई सुंदराबाई बसली होती. मांडीवर साडी, हातात कात्री. लोंबते धागे कापता कापता मान खाली जात होती. वर पत्रा तापला होता. पहाटे चारपासून ती उठलेली होती.

“माय, इथं का बसलीस? आत ये, जरा पड.”

“माले आठेच बरं शे. वारा लागस.”

वाळत घातलेलं लुगडं जरासुद्धा हलत नव्हतं.

हर्षदानं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. फ्लॉपी ओच्यात खोचून ती परत आत गेली आणि टेबल भिंतीला लागेपर्यंत ओढलं. त्या आवाजानं हिलाल दचकून उठले. “काय व्हयनं?”

“सरका आबा. ललित, तूही. मामा, थोडं थोडं सगळ्यांनी.”

“आते तर आंग टाकं व्हतं,” असं पुटपुटत मामा वीतभर सरकला. तिनं मोकळ्या जागेत चटई घातली, आईच्या हातातली कात्री काढून घेतली, तिला आत आणलं आणि धावत जिना उतरली.

पाच वाजता ती परतली. दुरुस्ती चाराला दोन मिनिटं कमी असताना पोचली होती. खोलीत सगळे गाढ झोपले होते. आईही. चटई पुरती लांब होती. सुंदराबाईनं गुडघे पोटाशी घेतले होते, आणि चटईचा खालचा अर्धा भाग रिकामाच होता.