सिग्नल पाठ सोडेना

"परत आला," तावडे म्हणाले आणि लिफ्टच्या दारातच थांबले.

त्यांच्या तळहातावर रेडिओलहरी दाखवणारा मोबाइलएवढा स्पेक्ट्रम अॅनलायझर होता. पडद्याच्या तळाशी बारीकसारीक गोंगाटाची पिवळी रेघ गवतासारखी हलत होती आणि मधोमध एक सुळका उभा राहत होता. दिसायचा, मावळायचा, पुन्हा दिसायचा. चारशे पस्तीस मेगाहर्ट्झ. हौशी रेडिओवाल्यांचाच पट्टा.

"चला ना, लिफ्ट अडलीय," त्यांची बायको ललिता म्हणाली. तिने त्यांच्या जाकिटाची कॉलर सारखी केली.

आठवडाभर हेच चाललं होतं. अँटेना जुळवताना हा सिग्नल पहिल्यांदा दिसला. मग तो घरात दिसला, जिन्यात दिसला, भोईवाड्यात भाजी घेताना दिसला. जिथे तावडे, तिथे सिग्नल. कोणीतरी त्यांच्या मागावर होतं.

कोण, याचाही अंदाज होता. नायगावची चाळ पाडून हा टॉवर झाला आणि गच्चीवरच्या अँटेनावरून सोसायटीचा सेक्रेटरी हर्षवर्धन परबशी त्यांचं वाजलं. चाळीच्या गच्चीवर तीच अँटेना इतकी वर्षं उभी होती, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. इथे मात्र दारावरच्या पाटीवर नावाखाली रेडिओवर ओळख पटवणारी कॉलसाइन कोरली, तरी लोक विचारायचे, हा गाडीचा नंबर का?

गिरगावचा अजित, त्यांचा जुना रेडिओमित्र, संध्याकाळी रेडिओवर मोर्सच्या डॉट-डॅशमध्ये भेटायचा. त्या दिवशी तावड्यांनी त्याला फोनच लावला.

"काय रे बंड्या, आज फोन? हवेत नाही आलास?" अजित म्हणाला.

"हवेत बोलण्यासारखं नाही."

"काल आला होतास, तेव्हा शेवटचा डॅश एवढा ओढलास, मला वाटलं मोर्सच्या कीवर बोट ठेवूनच झोपलास. कॉलसाइन न देताही ओळखेन तुला."

"मस्करी पुरे. माझ्यावर कोणीतरी ट्रान्समीटर लावलाय."

अजितने मस्करी सोडली. मग म्हणाला, "ऐकलास का तो? नुसतं बघून काय होणार?"

"अॅनलायझरचा इअरफोन सापडत नाहीय. ललिता म्हणते, आवराआवरीत कुठे गेला कोण जाणे. आणि ऐकायचंय काय त्यात? आपल्यातला असता तर दर खेपेला कॉलसाइन दिली असती. हा चोर आहे. चोर नाव सांगतो होय?"

"वहिनींकडे दे जरा फोन."

ललिता फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

तावडे इअरफोन शोधायला कपाटाकडे वळले. तो मिळाला नाही, पण साड्यांच्या खाली दुसरा अॅनलायझर मिळाला. अगदी जुळा. स्वस्तात मिळतोय म्हणून एक मागवलेला त्यांना आठवत होता.

"आपण दोन घेतले होते?" ललिता आत आल्यावर त्यांनी विचारलं.

"ऑफर असेल काहीतरी." तिने तो त्यांच्या हातून घेऊन पर्समध्ये टाकला. "खाली पडायचा."

तावड्यांचा निश्चय झाला होता. आज परबच्या घरात शिरायचं, तो ट्रान्समीटर हातात धरायचा आणि तिथून थेट पोलिसांत जायचं.

"अहो, चाळीतल्या गंगुबाईंचा मुलगा तो," ललिता त्यांच्या मागोमाग जिना उतरताना म्हणाली. "आपल्या घरी जेवून मोठा झालाय. तोंडून शब्द गेला की परत नाही यायचा."

"म्हणून तर पुरावा घेऊन बोलणार आहे."

एक मजला खाली, तोच दरवाजा. मागे एकदा चुकून याच दाराला त्यांनी बराच वेळ किल्ली लावून पाहिली होती. सगळे मजले एकसारखे. कोणाचंही झालं असतं.

हर्षवर्धनने दार उघडलं. त्याने आधी ललिताकडे पाहिलं. "या काका."

"तुझं घर बघायचंय."

"बघा की. चहा टाकू?"

तावडे स्वयंपाकघरात गेले, आतल्या खोलीत गेले, बाल्कनीत वाकून आले. टीव्हीमागे हात घातला. सुळका होता, पण वाढेना आणि कमीही होईना. जवळ गेलं की वाढायला हवा, लांब गेलं की उतरायला हवा. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काका, किती उकडतंय. जाकीट तरी काढा."

"नको, असू दे," ललिता घाईने म्हणाली. "त्यांना वारा बाधतो."

तावड्यांनी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि ते पुन्हा बाल्कनीकडे निघाले. दारापाशी पोचेपर्यंत सुळका निम्म्यावर आला होता.

ते थबकले. सावकाश मागे वळले. खुर्चीकडे येताना सुळका चढत गेला. अॅनलायझर जाकिटाला टेकवला तेव्हा तो पडद्याच्या माथ्याला भिडला.

त्यांनी अस्तर चाचपलं. खालच्या काठाशी चौकोनी, कडक काहीतरी लागलं. वर बारीक, सरळ टाके. हे हात त्यांना ठाऊक होते. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याची गुंडी याच हातांनी लावली होती.

"तू?" ते म्हणाले. "तू लावलंस हे माझ्यावर?"

"काकी, सांगून टाका ना," हर्षवर्धन हळूच म्हणाला.

"मी सांगून त्यांना पटत नाही रे. मागेही नाही पटलं." ललिताने पर्स उघडली. जुळ्या अॅनलायझरखालून तिने काळी वायर ओढून काढली. हरवलेला इअरफोन. "वाट चुकलात तर मला शोधता यावं म्हणून आहे ते. कोणी केलं, तुम्हीच ऐका."

पिन खोबणीत बसेना. हर्षवर्धनने पुढे होऊन ती बसवून दिली. तावड्यांनी इअरफोन कानात घातला आणि डोळे मिटले.

आधी नुसती खरखर होती. मग मोर्स सुरू झाला, स्वच्छ, न घाबरलेला. एकेक अक्षर उमटत गेलं, दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली आहे त्याच क्रमाने. शेवटचा डॅश ओढलेला होता, त्यांच्याच हातचा.