नातीला पाठवलेली गोष्ट

माझी बायको मुलांसाठी गोष्टी लिहायची. त्यातलं एक माकड आपल्यावरच बेतलंय असं मंत्र्यांना वाटलं, आणि आम्हा दोघांना देश सोडावा लागला. नात तिकडेच राहिली. बायको दर आठवड्याला तिला पत्रातून गोष्टीचा पुढचा भाग पाठवायची, बाकी एक शब्द नाही.

"अगं, निदान कशी आहेस म्हणून तरी विचार."

"विचारलं की टपाल तपासणारे त्या ओळीवर काळी शाई फासतात. गोष्टीला कोण हात लावतंय!"

"नऊ वर्षांत एक उत्तर नाही आलं."

"अहो, पोरं गोष्ट ऐकतात. उत्तरं कसली देतायत!"

गेल्या महिन्यात बायको वारली. मला परत जायला अजून बंदीच आहे. आज तिकडून पहिलं पत्र आलं, तिच्या नावावर.



"बाई, मी टपाल तपासणीतला कारकून. वरून हुकूम असल्यामुळे तुमचं एकही पत्र पुढे सोडता आलं नाही, पण घरी माझ्या मुलीला सगळी वाचून दाखवली. अस्वल विहिरीत पडून महिना झाला, तेवढं त्याला बाहेर काढा. पोरगी जेवत नाहीये."