बोटाचा चिमटा

धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी वडिलांना झोपेची तपासणी लागली. ते तेलाचा टँकर चालवायचे. कंपनीच्या डॉक्टरला त्यांचं बीपी चढलेलं दिसलं, मानही जाड दिसली. "घोरता का?" असं विचारल्यावर ते तोंड उघडायच्या आत मागे रांगेत उभ्या असलेल्या क्लीनरनेच "हो" म्हणून टाकलं. झालं. तपासणी करून या, नाहीतर गाडीची किल्ली ठेवा.

तपासणी म्हणजे एक पेटी. ती घरी न्यायची, छातीला पट्टा, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं, सकाळी परत करायची. थोरली इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, त्या रात्री तिची पाळी होती. सकाळी ती दमून घरी आली तेव्हा पेटी बंद करून टेबलावर ठेवलेली होती. वडील शीळ घालत दाढी करत होते.

"कशी झाली झोप?"

"झकास!"

"कसली झकास," चहा गाळता गाळता आई म्हणाली. "त्या चिमट्याने बोट बधिर होतं नुसतं."

वडिलांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. तिने चहा पुढे सरकवला.

रिपोर्ट मात्र वाईट आला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, मग अंग दचकून जागं होतं. रात्रभर हेच. माणसाला पत्ता नसतो, पण त्या दचक्यांनी बीपी चढतं, हृदय थकतं.

"मुखवटा लावून झोपा. मशीन हवा देत राहील, घसा उघडा राहील. बीपीसुद्धा थोडं उतरेल."

घरी येईपर्यंत वडील फुरफुरत होते. "खोटा आहे तो रिपोर्ट!"

"बाबा, पेटी खोटं कशी बोलेल?"

"मशीन विकायचे धंदे आहेत हे. कुणालाही लावा ती पेटी, असंच निघणार. मी सांगतो ना!"

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"या बाबतीत आहे," वडील म्हणाले.  आईने मोठी जांभई दिली आणि आत जाऊन आडवी झाली.

पण कंपनीने बजावलं. मशीन वापराल तर टँकर, नाहीतर गोदामात पोती मोजा. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. वडिलांनी मुकाट्याने मुखवटा चढवला.

"अगदी हत्ती दिसताय," आई म्हणाली.

"हसून घे. तुझ्यामुळेच ही सोंड लागली मला."

"वा! आता घोरण्याचं खापरही माझ्यावर फोडा."

थोरलीही हसली. त्या घरात तेवढंच हसणं उरलं होतं. बाकी सगळे थकलेले. थोरली पाळ्यांनी थकलेली, वडील त्या हवेने थकलेले. आणि आई तर शेंगा सोलता सोलता बसल्या जागी पेंगायची, अर्धी शेंग हातातच राहायची. सकाळी डोकं धरून उठायची, कपाळाला फडकं बांधूनच स्वयंपाकाला लागायची.

"आता तर बाबांचं घोरणंही थांबलंय. तरी तुझी झोप पुरत नाही?"

"लग्नाचा शीण आहे गं. उतरेल."

दर रविवारी थोरली वडिलांचं बीपी मोजायची. काटा जिथल्या तिथे.

"आई, ये, तुझंही बघू."

"मला काय धाड भरलीय? मी थोडाच टँकर चालवते!" असं म्हणून आई उठायची आणि दाराच्या चौकटीला धरून घटकाभर उभी राहायची.

महिने गेले. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. मशीन रोज लावतात, मुखवटा नीट बसतो, आणि बीपी तसूभर हलत नाही? त्यांनी इस्पितळातच, स्वतःच्या नजरेखाली, पुन्हा तपासणी ठरवली.

तो दिवस जवळ आला तेव्हा थोरली म्हणाली, "बाबा, पुढे ढकलू या का?"

"नको. ठरलंय तर जाऊन येतो. घरी तरी कुठे झोप लागते?"

निकालाला दोघं गेली. वडिलांनी दाढी केली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही घोरता, पण श्वास कुठेच अडकत नाही. बीपीचं कारण निराळं आहे, त्यावर औषध देऊ. पण हा पहिला रिपोर्ट तुमचा नाही. खरं सांगा, पेटी कुणाला लावली होती?"

वडिलांनी गुडघ्यावरची टोपी मुठीत धरली.

"बायकोला," ते म्हणाले. "ती शांत झोपायची. म्हटलं, रिपोर्ट स्वच्छ येईल, गाडी राहील."

"तुमच्या घोरण्यात त्यांचं काय ऐकू येणार?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही. "असू दे. आजच घेऊन या त्यांना. मशीन घरात आहेच, मुखवटा तेवढा लहान लागेल. थोड्याच दिवसांत माणूस ताजंतवानं होतं, बघाल तुम्ही."

थोरली स्वतःच्या बोटाकडे पाहत होती. वडील जागचे उठले नाहीत.

आई आदल्याच महिन्यात, धाकटीच्या लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आत, एका पहाटे झोपेतच गेली होती.